आरशातला हात

ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. बायकोला नाही, आक्काला तर नाहीच नाही. एकदा सांगायला बसलो होतो, पण ते पुढं येईल. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून जीभ उचलतेय, का आता वय झालं म्हणून? मला नक्की सांगता यायचं नाही.

आधी दाजींचं सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, मालक. भागवत नाव. ट्रक चालवायचे. मुकुंदवाडीत आमची घरं पाठीला पाठ लावून होती. मला स्टेअरिंग धरायला त्यांनीच शिकवलं. त्यांचा हात असा की भरलेली गाडी खड्ड्यातून काढली तरी मागचा माल हलायचा नाही. रागावले तरी आवाज चढायचा नाही. पुढं पुढं मात्र त्यांचा आवाज चढायला लागला — आणि तो रागानं नव्हता. त्यांना ऐकू कमी यायला लागलं होतं.

पहिल्यांदा आम्ही हसलो. आक्कानं मीठ मागितलं की ते पाण्याचा तांब्या आणून द्यायचे. मग एकदा पैठण रोडला मागून बस सारखी हॉर्न देत होती आणि दाजी आपले निवांत रस्त्याच्या मधून चाललेले. मी त्यांच्या खांद्याला हात लावून मागं दाखवलं. त्यांनी गाडी बाजूला घेतली, बंद केली, आणि स्टेअरिंगवर हात ठेवून नुसते बसून राहिले. त्या दिवसानंतर घरात कुणी हसलं नाही.

दुसरा कुणी असता तर त्यानं लपवलं असतं. मोठ्या गाडीचं लायसन नवं करायला डॉक्टरचा दाखला लागतो, आणि या माणसाला हॉर्नबिर्नचा नेहमीचा आवाज ऐकू येतो का, हे डॉक्टरला त्यात लिहून द्यावं लागतं. तो दाखला कसा काढतात हे आम्हा ड्रायव्हर लोकांना चांगलं ठाऊक होतं. मान वर न करता सही करणारेही डॉक्टर होते. दाजी तिकडं गेले नाहीत. कानाच्या डॉक्टरकडं गेले, सगळी तपासणी करून घेतली, मशीन बसवलं. डॉक्टरनं त्यांना पाठमोरं उभं करून आवाज दिले, हॉर्न वाजवून बघितला. मशीन लावल्यावर ऐकू येतं, गाडी चालवायला हरकत नाही, असं लिहून दिलं. दाजींनी तो कागद आपणहून ट्रान्सपोर्टच्या मालकासमोर ठेवला. मालक कुरकुरला. शेवटी म्हणाला, चालवा, पण सुदाम कायम सोबत पाहिजे.

सुदाम म्हणजे मी.

माझंही लायसन झालं होतं. माझ्याबरोबरची पोरं स्वतःच्या गाड्या घेऊन सुरतेला, हैदराबादला चालली होती. आणि मी? दाजींच्या शेजारी बसून त्यांच्यासाठी ऐकायचो. मागून कुणी हॉर्न दिला की मांडीवर थाप मारायची. नाक्यावर पोलिसानं काही विचारलं की तोंड त्यांच्याकडं करून सांगायचं. चहाच्या टपरीवर लोक मला 'बहिऱ्याचा कान' म्हणायचे. दाजींना ते ऐकू जायचं नाही. मला जायचं.

गाडी मागं घ्यायची आमची एक रीत होती. कारखान्याच्या आवारात जनरेटर, मशिनी, सगळाच कल्लोळ. कानातलं मशीन तोच कल्लोळ मोठा करून डोक्यात घालायचं, म्हणून तिथं दाजी ते काढून खिशात ठेवायचे आणि निव्वळ डोळ्यांवर गाडी घ्यायचे. मी मागं जाऊन त्यांना आरशात दिसेल असा उभा राहायचो. पंजा हलवला की या. मूठ वर केली की थांबा. पहिल्याच दिवशी ते म्हणाले होते, "तू आरशात दिसला नाय, तर मी गाडी तसूभर हलवणार नाय. पर तू ये म्हणला, तर मी डोळे झाकून येईन."

इथवर आलो की मी नेहमी अडतो. मनातल्या मनातसुद्धा.

चितेगावच्या एका कारखान्यात माल भरायचा होता. भर दुपार. माल चढवायच्या सिमेंटच्या ओट्याला गाडीची पाठ लावायची होती. मी आरशात दिसेल असा उभा राहिलो, पंजा हलवायला लागलो. तेवढ्यात खिशातला फोन वाजला. वेरूळला पाहुण्यांना फिरवणाऱ्या जीपवर एक दोस्त होता, त्याचा. त्याच्या मालकाला ड्रायव्हर पाहिजे होता. मी दुसऱ्या हातानं फोन कानाला लावला. पहिला हात हलतच होता.

मी त्याला काय सांगत होतो, माहिती आहे? म्हणत होतो — सोडव बाबा मला इथून, बहिऱ्याचा कान होऊन जन्म चाललाय. आणि हसत होतो. तोंड फाटकाकडं, फोन आरशात न दिसणाऱ्या बाजूच्या कानाला. हात आपला चालूच — या, या, या.

ओट्याशी युसुफभाई होते. तिथले जुने हमाल. निसटलेलं पोतं नीट लावायला वाकले होते. त्यांना गाडी दिसली नाही, आणि मला ते दिसले नाहीत.

किंकाळी ऐकू आली तेव्हा मी वळलो. मूठ वर केली. केली, खरंच केली — पण तोवर त्यांचा पाय ओट्यात आणि गाडीत सापडलेला होता.

माणसं धावली. कुणीतरी माझी गचांडी धरली, "तू काय करत व्हता रे?" आणि माझ्या तोंडातून निघालं, "मी ओरडलो की. लई ओरडलो. हात वर केला. त्यांना ऐकूच आलं नाही."

एवढंच बोललो. विचार करून नव्हे, पण बोललो. आणि त्या गर्दीतल्या एकानंही पुढं प्रश्न विचारला नाही. विचारायचा कशाला? बहिरा ड्रायव्हर होता. लोकांना पटेल असं कारण आयतंच तिथं बसलं होतं, खिशात मशीन घेऊन.

संध्याकाळी दवाखान्याच्या पायरीवर दाजींनी मला विचारलं. मशीन लावलं होतं, तरी माझ्या ओठांकडं बघत होते. "सुदाम, तू मूठ दाखवली व्हती?"

मी व्हय म्हणालो.

"मला तर हात ये म्हणताना दिसत व्हता."

मी म्हणालो, तुम्ही तेवढ्यात दुसऱ्या आरशात बघत असाल.

ते माझ्या ओठांवरची नजर काढून पायरीकडं बघायला लागले. मग हळू म्हणाले, "बघितलं व्हतं एक डाव. तेवढ्यातच झालं असंल." स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं त्यांनी खोटं मानलं, आणि माझं खरं. जो माणूस ऐकू शकत नाही, त्याला 'मी ओरडलो' म्हणून सांगणं किती सोपं असतं. तो कसा म्हणणार, नाही ओरडलास?

युसुफभाई मात्र ऐकू शकत होते. दोन-चार दिवसांनी भेटायला गेलो तर पडल्या पडल्या म्हणाले, "सुदाम, तू चिल्लाया बोलते. मेरेकू तो कुछ सुनाई नै दिया रे." त्यांच्या बोलण्यात संशय नव्हता, नवल होतं. मी म्हणालो, जनरेटरचा आवाज होता ना, भाई. ते म्हणाले, "हौ, वो बी है." झालं. पहिलं खोटं घाबरून बोललो असं एक वेळ म्हणेन. हे दुसरं मी स्टुलावर बसून, त्यांच्या प्लास्टरकडं बघत बोललो.

युसुफभाईंनी तक्रार केली नाही. पाय राहिला, पण वाकडा; ओझं उचलणं कायमचं सुटलं. दाजींचं लायसन पुढं नवं करायचं आलं, तेव्हा कानाचे डॉक्टर दाखला द्यायला तयार होते. दाजी गेलेच नाहीत. आक्कानं समजावलं, तर म्हणाले, "माझ्या कानापायी एक माणूस अधू झाला. आता नको." मालकानं नवाच नियम काढला. प्रत्येक ड्रायव्हरच्या मागं उभं राहून हळूच नाव घ्यायचं. वळला नाही तर घरी. त्यात आणखी एक म्हातारा ड्रायव्हर गेला. त्याची तर काहीच चूक नव्हती. पण दाजींची तरी कुठं होती?

आणि दाजींची गाडी मला मिळाली. मी ती घेतली. बरीच वर्षं चालवली.

दाजी एका शाळेवर वॉचमन म्हणून राहिले. सुट्टीच्या दिवशी चितेगावला जायचे, युसुफभाईंना पाय दाखवायला दवाखान्यात न्यायचे, दवाखाना सुटल्यावरही जायचे. ईदला शिरखुर्मा पिऊन यायचे आणि येताना आमच्यासाठी डबा भरून आणायचे. मी तो खायचो.

आता ते सांगतो — सांगायला बसलो होतो ते. दाजींचे कान शेवटी पार गेले, मशीन लावूनही काही येईना. एकदा ओसरीवर आम्ही दोघंच होतो. ते खाली मान घालून शेंगा निवडत होते. मी त्यांच्याकडं बघून सगळं बोललो. फोन, जीप, हात, सगळं. मोठ्यानं बोललो. बोलताना मला माहीत होतं, हे वर बघत नाहीत तोवर यांना काही कळायचं नाही. म्हणून तर बोललो. मग त्यांना काहीतरी जाणवलं असावं, त्यांनी मान वर केली आणि माझ्या ओठांकडं बघत विचारलं, "काय म्हणला?"

मी म्हणालो, "चहा टाकायला सांगू का?"

ते हसून हो म्हणाले.

गेल्या हिवाळ्यात दाजी गेले. मातीला युसुफभाई आले होते, काठी टेकत, नातवाच्या खांद्यावर हात ठेवून. माझ्याजवळ आले, डोळे पुसले, म्हणाले, "भागवतभाई दिल का राजा आदमी था. उनकी क्या गलती? कान की गलती थी. मैंने तो कबका माफ कर दिया था उनकू."

मी मान हलवली.

आक्का आत बायकांत बसली होती. तिला अजून ठाऊक नाही. परवाच तिच्याकडं जेवून आलो.