आमच्या टीमची घोरपड

मंडळी, आज शाळेत जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत न्हाई!

मी कंधारजवळच्या एका शाळेत खेळ शिकवते. यंदा मुलींच्या कबड्डी टीमच्या टी-शर्टवर घोरपडीचं चित्र आहे. तिची पकड सुटत नाही, म्हणून पोरींनीच ती निवडली.

आज सराव चालू असताना खरीखुरी घोरपड मैदानात आली! ती दिसताच एका मुलीचे वडील काठी घेऊन धावले. इकडं घोरपड दिसली की मारतातच. पण पोरींनी हातात हात धरून कबड्डीची साखळी केली आन् मधे उभ्या राहिल्या. त्यांचीच लेक ओरडली, "बाबा, मारू नका, ती आमच्या टीमची हाय!"

वडिलांनी काठी टाकली. घोरपड सरसर झुडपात गेली.

गेल्या वर्षी टी-शर्टवर सिंह होता. त्याला वाचवायची वेळ कंधारात कधी आली असती, सांगा बरं?