आमच्या साडूंचं आफ्रिकेचं वेळापत्रक

परभणी जिल्ह्यात सर्वांत जास्त माणसं परगावी कुणी धाडली आणि स्वतः सर्वांत कमी प्रवास कुणी केला, या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे: आमचे थोरले साडू. पालमच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांनी उभी हयात घालवली. लग्नाची वऱ्हाडं, माहेरवाशिणी, परीक्षेची पोरं, सगळ्यांना गाडीत बसवून द्यायचं, घड्याळ बघायचं आणि बसच्या पत्र्यावर तळहाताच्या दोन थापा मारायच्या. त्या दोन थापा पडल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नसत. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांवर त्यांचा भारी राग. "रुमाल म्हंजे माणूस न्हाई," असं ते माईकवरून इतक्या वेळा सांगत, की शेजारच्या शाळेतली मुलं ते कवितेसारखं म्हणत. स्वतः मात्र ते नांदेडच्या पुढं गेल्याचं कुणाला आठवत नाही.

याची खरी झळ बसली ती आक्कांना, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला. सणावाराला स्थानकावर गर्दी, म्हणून साडूंची ड्यूटी ठरलेली. पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला दोघांनी जायचं म्हणून त्यांनी जाण्याचे तीन आणि येण्याचे चार पर्याय कागदावर मांडले होते. ऐन दिवशी त्यांच्या जागी कामावर कुणी आलं नाही आणि आक्का पहिल्या पर्यायाने एकट्याच जाऊन आल्या. आमच्याकडे दिवाळीलाही त्या एकट्याच येत. नवऱ्याने खिडकीपाशी जागा धरून दिलेली असे आणि त्यानेच दोन थापा मारून बायकोची गाडी सोडलेली असे. अशाच एका दिवाळीत दुपारी आमच्या टीव्हीवर आफ्रिकेतला हत्तींचा कळप चालला होता. पुढे एक म्हातारी हत्तीण, मागे सगळं खटलं. आक्का हातातली करंजी विसरून बघत राहिल्या. पुढच्या वेळी साडू मला भेटले तेव्हा आक्का माझ्यासमोरच त्यांना म्हणाल्या, "मला ते हत्ती बघायचेत. पण तुमी संगं असाल तरच." साडूंनी शब्द दिला, "रिटायर झालो की जाऊ."

शब्द त्यांनी पाळला, पण आपल्या पद्धतीने. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आफ्रिकेचं वेळापत्रक आखायला घेतलं. दक्षिण आफ्रिका, मग बोत्सवाना, एकूण अकरा दिवस. तो तक्ता मी पाहिला आहे. पहाटे साडेपाचला प्रस्थान, सहा-दहाला झेब्रा, सहा-चाळीसला जिराफ, सातला चहापाणी, सात-वीसला सिंह, आणि सिंहापुढे कंसात 'विनंती थांबा'. पुण्याच्या टूर कंपनीतली मुलगी फोनवर मोठ्या धीराची निघाली. साडूंनी तिला विचारलं, "सिंह वेळेवर न्हाई आला तर पर्यायी सिंह कोनता?" ती म्हणाली, "काका, जनावरांचं वेळापत्रक नसतं हो." फोन ठेवून साडू मला म्हणाले, "पाव्हणं, ह्यांच्यात शिस्त न्हाई. आता समदा तक्ता नव्यानं करावा लागतो."

तालीम केल्याशिवाय निघायचं नाही, असंही त्यांनी ठरवलं. एका थंडीत भाच्याची जीप घेऊन आम्ही उजाडायच्या आत राणीसावरगावच्या माळाला जाऊन थांबलो. मागे आक्का आणि माझी बायको, मांडीवर धपाट्यांचा डबा. बोलायचं नाही, खोकायचं नाही, डब्याचं झाकण वाजवायचं नाही. तासाभराने एक शेतकरी जीपला वळसा घालून आला आणि म्हणाला, "काय हुडकायलेत?" साडू कुजबुजले, "आफ्रिकेला जायलोत. तयारी चालू हाय." त्या माणसाने शांतपणे विचार केला. "जाताना आमची रानडुकरं घेऊन जावा. हरभरा ठेवंनात," एवढं बोलून तो निघून गेला. पुढे काळविटांचा कळप आला, चांगला मोठा. आक्कांचा चेहरा उजळला. साडूंनी वहीत लिहिलं: काळवीट, एक तास वीस मिनिटे उशिरा.

अशी चार वर्षं गेली. एकदा तिकडे पाऊस होता, एकदा इकडे लग्नसराई, एकदा मलेरियाच्या गोळ्यांची वेळ आणि त्यांच्या जेवणाची वेळ जुळेना. मला हळूहळू कळत गेलं, की गडी घाबरला आहे. सगळ्यांना सोडायची सवय असलेल्या माणसाला स्वतः कसं सुटावं हे ठाऊक नव्हतं. रोज सकाळी ते अजून स्थानकावर चक्कर मारत. "मी गेल्यावर इथं कोन बघणार?" असं एकदा ते बोलूनही गेले. तिथे नवा नियंत्रक येऊन चार वर्षं झाली होती. आक्का हे सगळं ऐकत आणि भाकरी थापत. त्यांना फक्त एकदा नवऱ्याच्या शेजारी बसून कुठंतरी जायचं होतं आणि त्यांचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. शेवटी एक दिवस त्यांनीच पुण्याच्या मुलीला फोन लावला, तारीख पक्की केली आणि ताट वाढता वाढता म्हणाल्या, "मी जायलेय. दोन तिकिटं सांगितलीत. तुमचं काय ते तुमी बघा."

निघायच्या दिवशी निरोप द्यायला मी मोटारसायकलवरून पालमला गेलो. परभणीपर्यंत एसटीनेच जायचं, हा साडूंचा हट्ट. अंगात जुना खाकी गणवेश, कारण जंगलात मातकट कपडे घाला असं कंपनीने कळवलं होतं. "तीस वर्षं तेच घातलंय, नवे कशाला?" आक्का खिडकीपाशी बसल्या. साडू पायरीवर चढले, तेवढ्यात एका बाईने खाकी कपडे पाहून त्यांनाच विचारलं, गंगाखेडची गाडी कोणती. नवा नियंत्रक चहाला गेला होता आणि दोन गाड्या एकमेकींना आडव्या लागल्या होत्या. साडू "दोन मिंटं" म्हणून खाली उतरले. एक गाडी मागे घ्यायला लावली, दुसरी पुढे काढली, त्या बाईला बसवून दिलं. मग वळले, घड्याळ पाहिलं आणि परभणीच्या गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या. ड्रायव्हर जुना, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. गाडी निघाली.

"बरोबर वेळेवर सुटली," साडू समाधानाने म्हणाले.

मी म्हणालो, "दाजी, आक्का?"

त्यांचा चेहरा असा उतरला की मला हसूही येईना. मी मोटारसायकलला किक मारली, ते मागे बसले आणि वाटभर एकच म्हणत राहिले, "पुन्हा सोडली बघा तिला. पुन्हा एकटीलाच सोडली." गावाबाहेर पेट्रोल पंपापाशी बस उभी दिसली. आक्कांनी स्वतः उठून घंटीची दोरी ओढली होती. आम्ही पोचलो तेव्हा शेजारची जागा रिकामी होती आणि तिच्यावर आक्कांनी पिशवीतून काढलेला साडूंचा रुमाल पसरलेला होता. एक म्हातारबाबा उभ्यानेच सांगत होते, "बाई कुणाला बसू दीनात." आक्का रागावल्या नाहीत. खिडकीतून एवढंच म्हणाल्या, "आता तरी चढता का?" साडू चढले, रुमाल उचलून तिथे बसले आणि या वेळी थाप मारायला बाहेर मी होतो.

सहाव्या दिवशी बोत्सवानाहून साडूंचा फोन आला. पाणवठ्याच्या काठी दोन तास जीप उभी होती म्हणे, आणि काहीच येत नव्हतं. मला त्यांची चुळबुळ डोळ्यांसमोर दिसली.

"मी हिला म्हणलं, चला, दुसरीकडं बघू. ही म्हणली, बसा. मी तुमची किती वाट बघितली ते मोजलं का कधी? मंग बसलो."

"मग आले का हत्ती?"

"आले की. म्हातारी पुढं अन् समदं लटांबर मागं. ही माझा हात धरून रडायली, पाव्हणं."

मी आपली जुनीच थट्टा केली. "किती वाजता आले? उशीर मांडला का वहीत?"

"घड्याळ बघायचं राहूनच गेलं," साडू म्हणाले.