वाकडा दस्ता

मी चौथीतून शाळा सोडली आणि वडिलांच्या हाताखाली सुतारकामाला बसलो. वडील बंदुकांचे दस्ते घडवायचे. माप माणसाचं घ्यायचे. हात, मान, खांदा, सगळं सुतळीनं. एका जहागीरदाराचा उजवा डोळा गेला होता, पण उजव्या खांद्याची सवय काही सुटेना. त्यांच्या शिकारी रायफलीला वडिलांनी असा वळणाचा दस्ता घातला, की बंदूक उजव्या खांद्याला लावायची आणि नेम डाव्या डोळ्यानं धरायचा.

ती रायफल मला परवा मोबाईलमध्ये दिसली. मी लेकीकडं परदेशात, बुकित बातोकच्या फ्लॅटवर होतो. कोल्हापूरच्या एका दुकानदारानं फोटो टाकून खाली लिहिलं होतं: जुनी विलायती रायफल, दस्ता वाकलेला, बदलून मिळेल.

मी तिथल्या तिथं फोन लावला. गावी माझ्या नावावर परवाना आहे, रीतसर घेणार होतो.

"रायफल मी घेतो. पण दस्ता वाकलेला नाही, वाकडा घडवलाय," मी म्हणालो.

"आजोबा, लाकूड पावसाळ्यानं वाकतंय. सोमवारी सुतार नवा बसवणार."

"लाकूड तू मला शिकवतोस?"

त्यानं फोन ठेवला. दिवस शुक्रवारचा होता.

लेक म्हणाली, "बाबा, त्याला पुन्हा फोन करा. गोड बोला."

"मी का करू? चूक त्याची."

"मग सोमवारी दस्ता जाईल चुलीत. आणि खाली लिफ्टमध्ये बंदूक बंदूक करत जाऊ नका, इथं लोक घाबरतात."

शनिवारी खाली हॉकर सेंटरला, खाण्यापिण्याच्या टपऱ्यांवर, कॉफी घेत ती मोबाईलवर शोधत बसली. विलायतेतही एक डोळा गेलेल्यांसाठी असे दस्ते करायचे, हे तिनं इंग्रजीतनं वाचून मला मराठीत सांगितलं. मला वाटत होतं ही अक्कल फक्त वडिलांचीच. थोडं लागलं मनाला. पण फोटो मोठा करून तिनं लोखंड आणि लाकूड जिथं भेटतं तो सांधा दाखवला, तेव्हा मी ताठच बसलो. लाकूड वाकलं असतं तर तिथं फट पडली असती. इथं केस जाणार नाही असा सांधा होता.

रविवारी मीच फोन केला. माफी मागितली नाही. पण साहेब म्हणालो, दोनदा.

"साहेब, सांधा बघा. मग रायफल उजव्या खांद्याला लावा आणि उजवा डोळा मिटा. एवढंच करा, मग काय तोडायचं ते तोडा."

"थांबा, रिकामी आहे का बघतो," तो म्हणाला. खटके वाजले. लेक माझ्याकडं बघत होती, मी भिंतीकडं.

"आजोबा," तो म्हणाला, "नळीवरची नेमाची माशी बरोबर डाव्या डोळ्यासमोर आली की ओ. मान जरासुद्धा वळवावी लागली नाही."

"वळवावी लागणारच नाही."

"सुताराला नको म्हणतो. पण तुम्ही येणार कधी? लई दिवस नाही ठेवता येणार."

"पुढच्या महिन्यात," मी म्हणालो. लेकीनं तिकीट बघायला लॅपटॉप उघडलासुद्धा होता.

"आणि दस्ता कुणी केला म्हणून लिहू? चिठ्ठी लावून ठेवतो."

मी वडिलांचं नाव सांगितलं. आडनावासकट, गावासकट. त्यानं लिहून परत वाचून दाखवलं, आणि मी त्याला ते आणखी एकदा वाचायला लावलं.