सात हजार दोनशे बारा तास

कॅमेऱ्याखाली तिपाई जशी निमूट उभी असते तसेच काका कॅमेऱ्यामागे उभे असतात, म्हणून संस्थेत सगळे त्यांना तिपाईकाका म्हणतात. दूरशिक्षणाची तांत्रिक संस्था. मोटारीची गुंडाळी कशी भरावी, पंपाचं वायसर कसं बदलावं, असल्या पाठांचं चित्रण काका करतात. गुंडाळीच्या मास्तरांचा उजवा हात हल्ली थरथरतो. काका चौकट अशी धरतात की तो हात दिसतच नाही. विद्यार्थ्यांची समजूत आहे की मास्तर डावखुरे आहेत. मास्तर स्वतःचे पाठ कधी बघत नाहीत, म्हणून त्यांना हे ठाऊक नाही. आणि काका सांगणाऱ्यातले नाहीत.

अशा गुणांना अहवालात रकाना नसतो. रकाना असतो आकड्यांना. सहा वर्षांपूर्वी संचालकसाहेबांना शोध लागला की कॅमेऱ्याच्या आत तासांचा मीटर आहे. साहेबांना कोण आनंद झाला. माणूस किती काम करतो ते आता माणसाला विचारायलाच नको. दर महिन्याला मीटरवरचा आकडा अहवालात चढू लागला.

काका आपले सकाळी आले की कॅमेरा चालू करायचे, कारण मास्तर लोक कधी उगवतील याचा नेम नाही. डबा खातानाही तो चालूच. वर्षाअखेर काकांना ‘सर्वाधिक कार्यरत कर्मचारी’ असं प्रशस्तिपत्र मिळालं. काकूंनी ते चौकटीत घालून फ्रीजच्या वर लावलं, म्हणजे पाणी प्यायला येणाऱ्या प्रत्येकाला ते वाचावंच लागेल. एकदा प्रशस्तिपत्र मिळाल्यावर कॅमेरा बंद करण्याची काय बिशाद? पुढची पाच वर्षं तो इमानाने चालू राहिला.

मग भांडारात नव्या बाई आल्या आणि त्यांनी जुनी नियमांची फाइल वाचली. संस्थेत हा प्रकार पहिल्यांदाच घडत होता. नियम असा होता की तीन हजार तास झाले की कॅमेरा मोडीत काढावा. मीटरवर होते सात हजार दोनशे बारा. अहवालवाले आणि भांडारवाले एकाच पंख्याखाली बसत असूनही हे दोन आकडे कधी एकमेकांना भेटले नव्हते. बाईंनी टिपण लिहिलं: कॅमेरा मोडीत, त्याऐवजी भिंतीवर आपोआप फिरणारा कॅमेरा, आणि काका आवक-जावक विभागात.

काकांना स्वतःचं फारसं वाटलं नाही. त्यांच्या डोळ्यांपुढे आला तो मास्तरांचा उजवा हात. भिंतीवरचा कॅमेरा तो सगळ्यांना दाखवणार होता.

तपासणीला कंपनीतून एक दुरुस्तीवाली पोरगी आली. तिने कॅमेरा उघडला, पुसला, बंद केला. नियम टेपच्या जमान्यातला आहे, ती म्हणाली. तेव्हा टेप घासून आतला ड्रम झिजायचा, म्हणून तो किती फिरला ते मोजायचे. यात टेपच नाही. मीटर फक्त वीज किती वेळ चालू होती ते सांगतो.

“मग काम किती झालं ते?” भांडारवाल्या बाई.

“बाई, दिवा किती तास पेटला ते कळतं. त्याच्या उजेडात कुणी किती अभ्यास केला ते दिव्याला काय माहीत?”

कॅमेरा वाचला असं वाटलं. पण साहेब अडले. मीटर काम मोजत नसेल, तर सहा वर्षांच्या अहवालांवरच्या त्यांच्या सह्यांचं काय? त्यापेक्षा कॅमेरा मोडीत निघालेला बरा. एवढ्या तासांत काय काम केलंत ते लेखी द्या, त्यांनी काकांना बजावलं.

घरी काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि फ्रीजच्या वर बघितलं.

“म्हणजे तुम्ही डबा खात होतात त्याचं हे बक्षीस?”

“थोडंफार कामाचंही असेल.”

“मग खरं ते लिहून द्या. तिथे मी कॅलेंडर लावीन.”

काकांनी लिहून दिलं. पाठांच्या फायली मोजल्या तर खरं चित्रण सहाशे चाळीस तासांचं. बाकी डबा, चहा आणि वाट बघणं. नमुन्यादाखल एकच दिवस त्यांनी तपशीलवार मांडला: संचालकांचं वार्षिक स्वागतपर भाषण. कॅमेरा चालू साडेचार तास, चित्रण तीन मिनिटं. मध्ये केस विंचरणं चार वेळा.

साहेबांनी कागद वाचला.

“हे आणखी कुणाला दाखवलंत?”

“नाही साहेब. भांडारात एक प्रत द्यायची आहे.”

प्रत जायची गरज पडली नाही. दुपारीच परिपत्रक निघालं: मीटर वीज मोजतो, काम नव्हे, जुना नियम रद्द, कॅमेरा आणि काका जागच्या जागी. प्रशस्तिपत्राचा उल्लेख कुणी केला नाही. शेवटी साहेबांच्या हातची एक ओळ होती, कारण आकड्यांची सवय इतक्यात सुटत नाही आणि मीटर कामाशी जुळायला हवा: ‘यापुढे बोलणाऱ्याने इशारा केल्यावरच कॅमेरा चालू करावा.’

मास्तर डावखुरे राहिले. काकूंनी कॅलेंडर लावलं.

महिन्याभराने साहेब स्वागतपर भाषणाला आले. खुर्चीत बसले, एकदाच केस विंचरले आणि कुणाला काही न सांगता बोलायला लागले. एकदाही अडखळले नाहीत. इतक्या वर्षांत प्रथमच तीन मिनिटांचं भाषण तीन मिनिटांत झालं. शेवटचा नमस्कार करून त्यांनी समाधानाने विचारलं, “कसं आलं?”

काका कॅमेऱ्यामागे हाताची घडी घालून उभे होते.

“छान झालं, साहेब. इशारा केलात की चालू करतो.”