वरच्या पायरीवरून ऐकलेलं

न्यू जर्सीहून विमानात अंग आखडून तुर्कस्तानातल्या समुद्रकाठच्या गावी जायचं, तिथल्या प्राचीन दगडी नाट्यगृहाच्या दारात उतरायचं, आणि वरण निवतंय म्हणून परत फिरा, असं ऐकायचं. याचा राग मला अजून आहे. आमच्या न्यू जर्सीतल्या आयसेलिनच्या देशी दुकानात पालक निवडताना आठवतं आणि मी चांगली जुडीही परत आपटते.

सहल आमच्या मराठी मंडळातल्या निवृत्तांची. आचारी बरोबर घेतलेला, त्यामुळे जेवणाची वेळ म्हणजे मुहूर्तच. मी लग्नाआधी साताऱ्याला शाळेत इतिहास शिकवायचे. फळ्यावर खडूने अर्धवर्तुळं काढून सांगायचे, "खाली मधोमध कुणी कुजबुजलं, तरी अगदी वरच्या पायरीवर ऐकू येतं." मुलं विचारायची, "बाई, तुम्ही बसलाय तिथे?" मी म्हणायचे, "पुस्तकात आहे." त्या पायरीवर एकदा बसायचं, एवढ्यासाठी मी या सहलीला आले होते. बाकी गालिचे आणि मिठाया गेल्या खड्ड्यात.

बस पोचली उशिरा, कारण वाटेत सगळ्यांना दुसऱ्यांदा चहा हवा होता. उतरल्या उतरल्या सहलप्रमुख म्हणाला, "पटापट फोटो काढा आणि बसमध्ये बसा." पन्नाशीचा, एरवी गुणी मुलगा.

"अरे, मला वर जायचंय."

"काकू, पॉसिबलच नाही. लंच रेडी आहे." मग हसून म्हणाला, "आणि दगड कुठे जात नाहीत, पुरी जाते."

माझंच वाक्य माझ्याच तोंडावर. मंडळाच्या पहिल्या सहलीला मी नायगाराच्या कठड्याशी उभी होते. नवी कोरी जीन्स, तिच्यावर मंगळसूत्र आणि मंगळसूत्रात अडकलेली शाळेतली शिट्टी. असं ते ध्यान. बाकीचे तोंडावर तुषार घेत उभे, आणि ही बया धबधब्याकडे पाठ करून शिट्टी फुंकतेय, "धबधबा कुठे जात नाही, पुरी जाते. चला!" तिला तिथेच अंगठे धरून उभं करायला हवं होतं. मंडळाने उलट तिचं वाक्य नियम म्हणून उचललं, आणि तीही मान ताठ करून फिरली.

मी प्रमुखाचं ऐकलं नाही. आमच्या ह्यांचा गुडघा कामातून गेलेला, म्हणून त्यांना खालीच थांबवलं आणि चढायला लागले. पायऱ्या कसल्या, धोंडे. काही ठिकाणी हातांनीसुद्धा चढले. सगळ्यात वर पोचून बसले, तर दगड उन्हाने भाकरीच्या तव्यासारखा तापलेला. समोर रंगमंचाची पडकी भिंत, आणि भिंतीच्या भगदाडातून थेट निळा समुद्र. हे पुस्तकात नव्हतं.

एवढ्यात कानाशी बोलल्यासारखा आवाज आला.

"रूल ह्यांनीच केला, आणि आता स्वतःच वर जाऊन बसल्या. कमाल आहे यार."

"मास्तरीणबाईंना सांगणार कोण? वर गेल्या खऱ्या, खाली कशा येतात बघू."

प्रमुख आणि मंडळाची खजिनदार बाई, बरोबर मधोमध उभे. पुस्तक खरं निघालं, ते असं. मी म्हटलं, "सगळं ऐकू येतंय हं." दोघांनी आधी मागे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि भराभरा बस गाठली.

खाली फक्त हे उरले. काठी टेकत मध्यावर आले, रिकाम्या पायऱ्यांवरून नजर फिरवली आणि स्वतःशीच पुटपुटले, "नायगारालाही मला असंच जरा थांबायचं होतं."

मी वर बसून गार पडले, तापल्या दगडावर. इतकी वर्षं ताटाला ताट लावून जेवलो, तेव्हा सांगायला काय झालं होतं? सांगितलं कुणाला, तर धोंड्यांना.

"अहो," मी म्हटलं, "मग आता तरी बसा."

ते दचकले. मला शोधून काढलं, आणि सगळ्यात खालच्या पायरीवर पाय पसरून बसले. बसचा हॉर्न वाजत राहिला. आम्ही दोघेही हललो नाही.

जेवणात पुऱ्या चामट झाल्या होत्या. ह्यांनी आणखी दोन मागून घेतल्या. माझ्या घशाखाली मात्र एकही उतरेना, इतका मला त्यांचा राग आला होता. माझ्या गळ्यात शिट्टी असली म्हणून काय झालं? माझ्या वर्गातली मुलंसुद्धा काही सांगायचं असलं की हात वर करायची.