ओट्यावरची बटणं

भाकरीला पीठ, कढत पाणी, परात आणि हात लागतात. आणखी कशाची गरज नाही, हे मी नवऱ्याला स्वच्छ सांगितलं होतं. तरी रिटायर झाल्यावर त्यांनी मनगटावर बांधायचा एक पट्टा मागवला. तो बांधला की म्हणे भिंत, टेबल, ओटा, काहीही मोबाइलच्या स्क्रीनसारखं चालतं.

"पिठाच्या हातांनी फोन धरायला नको," ते म्हणाले. पिठाचे हात पुसायला माझ्या कमरेला फडकं असतं. त्याला चार्जिंग लागत नाही.

पनवेलमध्ये मी हळदीच्या जेवणासाठी तांदळाच्या भाकऱ्या पुरवते. मटण खारट झालं तर लोक विसरतात. भाकरी कमी पडली तर वर्षभर बोलतात. त्या दिवशी रोडपालीच्या एका घरची ऑर्डर होती. ह्यांनी पट्टा माझ्या हाताला बांधला आणि नियम समजावला: ओट्यावर एकदा थापटलं की गिऱ्हाइकाला 'तयार' असा मेसेज, लागोपाठ थापटलं की 'रद्द'. हा नियम करणाऱ्याने भाकरी फक्त खाल्ली असणार.

थापताना बांगड्या मी कोपराकडे सरकवते. पट्टा सरकेना. त्यात पीठ भरलं, तरी तो इमानदारीने काम करत राहिला. थोड्या वेळाने नवरीच्या आत्याचा फोन आला.

"ताई, रद्द रद्द काय लावलंय? पावनं दारात हायत! आमी काय वाईट केलं तुमचं?"

"मी काही रद्द केलं नाही."

"मेसेजवर मेसेज येतायत! पळस्प्याच्या भाकरीवालीला सांगू का?"

"कुणाला सांगू नका. मी निघाले."

ह्यांनी चष्मा पुसून पट्टा तपासला. "हा बरोबर चाललाय. तुझ्या हाताचं सेटिंग करावं लागेल."

"ते सासूबाईंनी करून ठेवलंय," मी म्हटलं आणि पट्टा काढून त्यांच्या हातात दिला. उरलेल्या भाकऱ्या उरकल्या, टोपल्या रिक्षात घातल्या आणि ह्यांना त्या धरायला मागे बसवलं.

मांडवात आत्याने टोपलीवरचं फडकं उचललं. वाफ आली तसा तिचा चेहरा सैल झाला.

"आता माझ्या धाकट्याचं लग्न हाय," ती म्हणाली. "भाकऱ्या तुमच्याच. पन राग आला तर तोंडानं सांगा, ताई. असं मेसेज नका करू."