ताईंनी निवडलेला काठ

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. उषाताई सकाळी उठल्याच नाहीत, असं त्यांच्या शेजारणीनं सांगितलं. का कोण जाणे, मी ते शांतपणे ऐकून घेतलं, हात धुतले आणि श्रीकांतला हाक मारली... श्रीकांत माझा नवरा, त्याची ती थोरली बहीण, माझी नणंद. चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. आदल्याच रविवारी आमच्याकडे वांग्याचं भरीत दोनदा वाढून घेऊन जेवल्या होत्या. आता दीड महिना झाला. रडून झालं, आणि मागे उरलंय ते बहुतेक सगळं सुखाचंच आहे, म्हणून लिहायला बसले.

ताई नाशिकला सातपूरच्या एका कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात होत्या. लग्न केलं नाही. तिशीत कामानिमित्त दोन वर्षं मुंबईला राहिल्या, तेव्हा सुट्टीच्या दिवशी शिडाची नाव चालवायला शिकल्या. मग पुन्हा नाशिक, नोकरी, आईवडिलांची आजारपणं... पुढची तीसेक वर्षं तो विषय त्यांच्या तोंडून कधी ऐकला नाही. निवृत्तीनंतर एक दिवस त्यांनी आम्हाला गंगापूर रोडवरच्या आपल्या सोसायटीत बोलावलं. खाली ट्रेलरवर, ताडपत्रीखाली, पंधरा फुटी जुनी नाव उभी होती. श्रीकांतनं विचारलं, हिला पाणी कुठलं? ताई म्हणाल्या, धरणांना काय तोटा आहे आपल्याकडे, काठ तेवढा शोधायचा.

पहिला काठ श्रीकांतनंच सुचवला. डांबरी रस्ता जवळजवळ पाण्यापर्यंत जात होता, त्यामुळे ट्रेलर नेणं सोपं. परवानगीचे कागद झाले, रविवार ठरला, आणि भाऊबंद मिळून पंधरा-सोळा माणसं नारळ-पेढे घेऊन हजर झाली. रस्त्याच्या कडेला सपाट जागा बघून ताईंनी डोलकाठी उभी केली, दोऱ्या ताणल्या. ट्रेलर उताराला लागणार, तोच पुढे चालत गेलेल्या ताई थांबल्या आणि वर बघू लागल्या. कुणाच्या तरी पंपाकडे गेलेली विजेची तार वाटेवरून आडवी गेली होती, मध्ये झोळ पडलेली. आमच्यापैकी कुणाचंच तिकडे लक्ष गेलं नव्हतं. डोलकाठी धातूची होती. मग सूचना सुरू झाल्या. काठी उतरवू, तारेखालून जाऊ, पलीकडे पुन्हा उभी करू, अर्ध्या तासाचं तर काम. ताईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आत्ता लक्षात राहील. संध्याकाळी दमून परत येताना राहील का?" त्यांनी काठी उतरवली, आडवी बांधली आणि घरी निघू म्हणाल्या. श्रीकांत फार चिडला. एवढी माणसं गोळा केलीस आणि आता परत जायचं? ताई म्हणाल्या, "माणसं आलीत म्हणूनच." पेढे आम्ही गाडीत खाल्ले. मला खरं सांगायचं तर त्या दिवशी त्यांची लाज वाटली होती, आणि नंतर त्या लाजेचीच लाज वाटली.

त्यानंतर दोन महिने श्रीकांत या विषयावर बहिणीशी बोलला नाही, आणि दर रविवारी ताईंबरोबर जायची पाळी माझ्यावर आली. दारणा, मुकणे, वाघाड... डबा घेऊन आम्ही दोघी एकेका धरणाचा काठ बघत हिंडायचो. ताई साडी खोचून बांबूची काठी घेत आणि सरळ पाण्यात गुडघाभर शिरत. तळ कडक आहे की मऊ, उतार एकसारखा आहे की मध्येच खड्डा, गाडी वळवायला जागा किती, हे सगळं वहीत लिहीत. वारा काठाकडे येत असेल तर तो काठ बाद, कारण नाव सुटायच्या आधीच परत किनाऱ्यावर ढकलली जाते. एका ठिकाणी माझी चप्पल काळ्या गाळात गेली ती गेलीच. ताई म्हणाल्या, "बघ मंगल, इथे चप्पल जाते तर ट्रेलरचं काय होईल?" मी अनवाणी घरी आले, पण हसत आले.

शेवटी काठ दाखवला तो हिराबाईंनी. पाणी ओसरलं की धरणाच्या उघड्या पडलेल्या जमिनीत गाळपेर करणारं त्यांचं कुटुंब. त्या काकड्या तोडत होत्या. ताईंनी विचारलं, गाडी पाण्यापर्यंत उतरेल अशी जागा आहे का? त्यांनी आम्हा दोघींना नीट बघून घेतलं आणि म्हणाल्या, "उतरायला काय, कुठूनबी उतरंल. वर कशी येईल ते बघा आधी." मग आम्हाला मुरमाच्या एका पट्ट्यावर घेऊन गेल्या, जिथून त्यांचा ट्रॅक्टर भरल्या ट्रॉलीसकट वर येई. दुपारचा वारा कुठून येतो, हे ताईंनी विचारताच बाईंनी हात आडवा केला. त्याच वाऱ्यावर त्या धान्य उफणत, त्यांना तो पाठ होता. वारा काठाला धरून वाहत होता. वर आभाळाशिवाय काही नव्हतं. ताई खाली बसल्या आणि एक काकडी मागून घेतली.

नाव पाण्यात उतरली तेव्हा हिराबाई धरून आम्ही चौघंच होतो. ताईंनी श्रीकांतला फोन करून एवढंच सांगितलं होतं, की ट्रेलर मागे घेणं मला एकटीला जमत नाही. तो आला. दोनदा ट्रेलर वाकडा गेला, तिसऱ्यांदा सरळ बसला. चाकांना दगड लावले, नाव हळूच सरकली, तरंगली. दोर माझ्या हातात होता... एवढी जड वस्तू अचानक हलकी होऊन हाताला ओढू लागली, ते अजून तळव्याला आठवतं. ताई चढल्या, शीड वर गेलं, आणि चौसष्ट वर्षांची आमची ताई बघता बघता लांब गेली. श्रीकांत गुडघाभर पाण्यात उभा होता. शिडाकडे बघत म्हणाला, "ताईचं बरोबर होतं." तिला मात्र तो हे कधी बोलला नाही. पुढच्या रविवारी सकाळी सातला तिच्या सोसायटीत जाऊन ट्रेलर जोडून उभा राहिला. पुढची दहा वर्षं तसंच चाललं.

मागच्या आठवड्यात मी त्यांची खोली आवरायला गेले. कपडे, भांडी, वह्या वेगळ्या केल्या. पलंगाशेजारच्या खिडकीच्या गजाला वीतभर लाल लोकर बांधलेली दिसली. आधी वाटलं, कसला तरी नवस असेल. मग ती हलली, आणि कळलं, रोज उठल्या उठल्या वारा बघायला बांधलेली. मी गज पुसले, लोकर तेवढी तशीच ठेवली. पश्चिमेचा वारा होता, चांगला वाहता. खाली ट्रेलरवर, ताडपत्रीखाली, नाव तशीच उभी होती. मी पलंगावर बसले आणि श्रीकांतला फोन करून विचारलं, येत्या रविवारी तुला काही काम आहे का.